एक वेढा कमी

धाकट्या भावाच्या वेळी आज्जी गुटी उगाळायची, ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. मी तेव्हा आठ वर्षांची. कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या आमच्या जुन्या घरात न्हाणीशेजारी सकाळी उन्हाचा एक चौकोन पडायचा, तिथं ती सहाण घेऊन बसायची. पितळेच्या डबीत सगळी मंडळी: हिरडा, बेहडा, मुरुडशेंग, वेखंड, सुंठ, हळकुंड, जायफळ, मायफळ, ज्येष्ठमध, खारीक, बदाम, काकडशिंगी, अतिविष. सहाणेवर आईच्या दुधाचे चार थेंब पडले की एकेक काष्ठ हातात घेऊन ती वेढे मोजायला लागायची. बदामाचे चार. खारकेचे तीन. जायफळाचा अर्धा, तोही हात उचलत उचलत, "जास्त झालं तर पोर दुपारपतोर उठायचं न्हाई." उगाळून झालं की काष्ठ फडक्याला पुसून परत डबीत.

पण सहाणेला हात लावायच्या आधी आईला एक प्रश्न ठरलेला असायचा. "काल शी कशी झाली?" त्या उत्तरावर त्या दिवसाची गुटी ठरायची. पोट ढिलं असेल तर हिरडा डबीतच राहायचा आणि मायफळाला एक वेढा जास्त मिळायचा. खडा धरला असेल तर उलटं.

मी गुटीची वकिली करायला बसलेले नाही. माझ्या मुलीच्या वेळी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही. आणि ते मला पटलं होतं. वेखंड तर अमेरिकेत खाण्याच्या पदार्थांत घालायला १९६८ पासून बंदी आहे. आज्जीच्या सहाणेला बाजूच्या मोरीतलं काय काय लागत असेल देव जाणे. तरी गेल्या वर्षी माझ्या बाबतीत जो घोळ झाला, तो निस्तरताना मला सारखी ती डबीच आठवत होती.

माझी मावसबहीण डबे विकते. दुकान नाही, घरोघरी. महिन्यातून एकदा कुठल्यातरी हॉलमध्ये त्यांची मीटिंग असते, तिथून ती तापून येते आणि पुढचे आठ दिवस आम्ही नातेवाईक जपून राहतो. मार्चमध्ये ती माझ्यासाठी एक डबा घेऊन आली. केस, त्वचा, नखं, हाडं, ताकद, सगळ्यावर एकच.

"चोवीस घटक आहेत यात, चोवीस! तू महिनाभर भाज्या खाल्ल्यास तरी एवढं जायचं न्हाई पोटात. मी रोज खातोय. बघ माझे केस."

(आमच्याकडे बायका 'मी खातोय'च म्हणतात. माझी पुण्याची भावजय पहिल्या दिवाळीला हे ऐकून दारात कोण पुरुष आलाय बघायला बाहेर आली होती.)

केस खरंच चांगले होते तिचे. ते तिच्या आईचेही चांगले होते, हा मुद्दा मला तेव्हा सुचला नाही. डबा घेतला.

मला अकरा वर्षं थायरॉइडचा त्रास आहे. सकाळी उठल्या उठल्या उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी, मग रंकाळ्याला एक फेरी, मग चहा, असा नेम. नवी गोळी कधी घ्यायची? विसरायला नको म्हणून त्याच घोटाबरोबर. सहा महिने. या सहा महिन्यांत माझं चार किलो वजन वाढलं, पोट साफ होईना, आवाज बसल्यासारखा झाला. रंकाळ्याच्या फेरीत तीन ठिकाणी बसायला लागले. आणि केस गळायचे थांबले नाहीत, उलट न्हाणीची जाळी रोज साफ करायची वेळ आली. बहिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "शरीरातली घाण बाहेर पडतीय. दोन घे."

शेवटी रक्त तपासलं. टीएसएच, म्हणजे थायरॉइडला काम कर म्हणून सांगणारं संप्रेरक, ०.०८. अकरा वर्षांत एवढा आकडा कधी खाली गेला नव्हता. ज्यांना यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: हा आकडा खाली जाणं म्हणजे थायरॉक्सिन गरजेपेक्षा जास्त होतंय. म्हणजे गोळी कमी करायची.

डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, मग माझ्याकडे बघितलं, मग नाडी बघितली. "मॅडम, कागदावरची बाई आणि खुर्चीतली बाई वेगळी आहे," ते म्हणाले. कागदावरच्या बाईची छाती धडधडायला हवी, घाम फुटायला हवा, वजन उतरायला हवं. खुर्चीतली बाई सप्टेंबरात स्वेटर घालून आली होती. मग त्यांनी विचारलं, "आणखी काय घेता?"

"काही नाही."

हे मी खोटं बोलले नाही. माझ्या डोक्यात ते औषध नव्हतंच मुळी. डब्यावर पानाफुलांचं चित्र होतं. दोन-तीनदा खोदून विचारल्यावर मी डब्याचं नाव सांगितलं. घरी मुलीला फोन लावून फोटो मागवला आणि डॉक्टरांनी तो मोबाईलवर मोठा करून वाचला. लोह. कॅल्शियम. बायोटिन दहा मिलिग्रॅम.

ही तिन्ही नावं पुढे माझ्या तोंडपाठ झाली. कॅल्शियम आणि लोह आतड्यात थायरॉक्सिनला धरून ठेवतात, रक्तात जाऊ देत नाहीत. म्हणून त्या गोळीत आणि यांच्यात चार तासांचं अंतर ठेवायचं असतं. मी एका घोटाचंही ठेवलं नव्हतं. म्हणजे सहा महिने माझं अर्धंमुर्धं औषध वाया जात होतं आणि खरा टीएसएच वर चढत होता. मग कागदावर तो खाली का? तर बायोटिन. रक्ततपासणीच्या कितीतरी किटमध्ये बायोटिनचा वापर चिकट्यासारखा केलेला असतो. रक्तातच ते भरपूर असेल तर किट फसतं आणि टीएसएच आहे त्यापेक्षा कमी दाखवतं. माणसाला दिवसाला लागतं साधारण तीस मायक्रोग्रॅम. माझ्या गोळीत दहा हजार. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनानं, २०१७ साली यावर इशारा दिला होता. हृदयविकाराच्या झटक्यात जी ट्रोपोनिनची तपासणी करतात, तीही बायोटिनमुळे कमी दिसू शकते, आणि तसं होऊन एक रुग्ण दगावल्याची नोंद त्या इशाऱ्यात होती.

म्हणजे माझ्या एकाच गोळीतले दोन घटक आजार वाढवत होते आणि तिसरा तो झाकत होता. आमच्या पतसंस्थेत असं केलं तर त्याला अफरातफर म्हणतात.

डब्यातली गोळी बंद करून दहा दिवसांनी पुन्हा रक्त दिलं. टीएसएच ११.४.

पतसंस्थेत सव्वीस वर्षं खतावण्या जुळवल्यामुळे असेल, पण मला राग यायच्या आधी ताळा करावासा वाटला. एका रविवारी मटण शिजायला टाकलं आणि जेवणाच्या टेबलावर घरातले सगळे डबे, बाटल्या, पाकिटं मांडली. माझे, यांचे, आबांचे. मागच्या वर्षाच्या कॅलेंडरची कोरी बाजू घेतली, वर घटकांची नावं लिहिली, डावीकडे डब्यांची, आणि भिंग घेऊन आकडे भरायला लागले. लेबलावरची अक्षरं इतकी बारीक की दोनदा चष्मा पुसावा लागला. मुलगी म्हणाली, फोटो काढून मोठं करून वाच. मी म्हटलं, भिंग बरं. फोटोत माणूस हवं तेच वाचतो.

कुकरच्या चार शिट्ट्या होईपर्यंत पुढचं दिसलं. ड जीवनसत्त्व माझ्या तीन डब्यांत होतं, शिवाय आठवड्याला साठ हजार युनिटचं पाकीट वेगळं. (आमच्या गल्लीत एकांनी हेच आठवड्याचं पाकीट रोज घेतलं, दीड महिना. रक्तातलं कॅल्शियम चढलं, उलट्या सुरू झाल्या, मूत्रपिंडावर आलं. ॲडमिट करावं लागलं.) बी सहा नावाचं जीवनसत्त्व कशाकशात होतं म्हणून सांगू? बी कॉम्प्लेक्समध्ये, मॅग्नेशियमच्या गोळीत, चोवीस घटकांच्या डब्यात. बी जीवनसत्त्वं पाण्यात विरघळतात, जास्तीची लघवीवाटे जातात, असं शाळेत शिकलो होतो. पण बी सहा दीर्घकाळ जास्त गेलं तर पायाच्या नसा दुखावतात, मुंग्या येतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०२३ मध्ये त्याची वरची मर्यादा दिवसाला बारा मिलिग्रॅमवर आणली. माझी बेरीज एकोणतीस होती. मी नकळत टेबलाखाली पायाची बोटं हलवून बघितली.

आणखी एक गंमत. प्रत्येक डब्यावर कोपऱ्यात इंग्रजीत छापलेलं होतं, की हे औषधी वापरासाठी नाही. पोषण पूरकांच्या लेबलावर हे छापायलाच लागतं, एफएसएसएआयचा, म्हणजे आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, तसा नियम आहे. चौदा आकडी परवाना क्रमांकही लागतो. माझी बहीण गुडघ्यापासून टकलापर्यंत जे जे बरं होतं म्हणून सांगत होती, त्याला तिच्याच डब्यानं लेखी नकार दिलेला होता, आणि तो वाचायला मला सहा महिने आणि एक भिंग लागलं.

आबांच्या रकान्यात मात्र मी अडकले.

आबा माझे वडील, एकोणऐंशी वर्षांचे. तरुणपणी गंगावेस तालमीत होते. उजव्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेलाय, मॅक्युलर डिजनरेशन. समोर बघितलं की माणसाचं तोंड दिसत नाही, कडेचे कान दिसतात. "पैलवान कानावरनंच ओळखायचा असतोय, त्यामुळं माझं अडत न्हाई," असं ते सगळ्यांना सांगतात. डावा डोळा अजून बरा आहे, पण त्याच वाटेवर आहे. त्या डोळ्यासाठी डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिलीये. तीही घटकांचं कडबोळंच आहे! क, ई, जस्त, तांबं, ल्युटिन, झिॲझँथिन. म्हणजे मी जे टेबलावरून झाडून काढायला निघाले होते, त्याच जातीचं. फेकू की ठेवू?

डोळ्याच्या डॉक्टरांकडे गेले. त्या बाई शिकवायच्या तयारीनं बोलतात, मला ते आवडतं. त्यांनी सांगितलं ते असं. अमेरिकेत सरकारी खर्चानं या मिश्रणाची वर्षानुवर्षं चाचणी झाली आणि २००१ मध्ये निकाल आला. ज्यांचा आजार मधल्या टप्प्यावर आहे, किंवा आबांसारखा एका डोळ्यात पुढे गेलेला आहे, त्यांचा आजार पाच वर्षांत आणखी बिघडण्याचा धोका सुमारे पंचवीस टक्क्यांनी घटला. ज्यांना आजार नाही किंवा अगदी सुरुवातीचा आहे, त्यांना त्या गोळीचा उपयोग दिसला नाही. "म्हणून ही तुमच्यासाठी नाही. उगाच आबांच्या बाटलीतली घेऊ नका," हे त्यांनी मला आधीच बजावलं. जस्त भरपूर, दिवसाला ऐंशी मिलिग्रॅम. पण एवढं जस्त घेतलं की शरीरातलं तांबं कमी पडतं, म्हणून दोन मिलिग्रॅम तांबं मुद्दाम घातलेलं. हे ऐकताना मला सहाणेवरचा हात दिसला. कुणीतरी हे वेढे मोजले होते.

आणि एक वेढा काढूनही टाकला होता. पहिल्या मिश्रणात बीटा कॅरोटिन होतं, गाजराला रंग देणारं. त्याची गोष्ट अशी, की फळं-भाज्या खाणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो असं दिसत होतं, म्हणून फिनलंडमध्ये २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर चाचणी केली, काहींना रोज वीस मिलिग्रॅम बीटा कॅरोटिन देऊन. १९९४ मध्ये निकाल लागला. ते घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग अठरा टक्के जास्त. गाजरात जे चांगलं, तेच गोळीतून एकट्यानं दिल्यावर उलटलं. त्यामुळे डोळ्यांच्या मिश्रणाची पुन्हा चाचणी झाली आणि २०१३ पासून बीटा कॅरोटिनच्या जागी ल्युटिन आणि झिॲझँथिन आलं.

"म्हणून तर मी पहिल्याच दिवशी त्यांना विडीचं विचारलं," बाई म्हणाल्या.

आबा चाळीस वर्षं विडी ओढत होते. सोडून नऊ वर्षं झाली. घरी येऊन मी कॅलेंडरवरचा त्यांचा रकाना पुन्हा बघितला. बहिणीनं त्यांना स्वतंत्र डबा दिला होता, 'पुरुषांच्या ताकदीसाठी'. पाचव्या ओळीत बीटा कॅरोटिन. अकराव्या ओळीत पुन्हा जस्त.

तो डबा मी त्याच संध्याकाळी रिकामा केला. आबा काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "आमच्या वेळी वस्ताद थंडाई बघून द्यायचा." ते खरं आहे. तालमीत कुंडीत बदाम, खसखस, बडीशेप, मिरी, वेलची घोटायची, पण कुणाला किती ते वस्ताद ठरवणार. कुणाचं वजन उतरवायचंय त्याचं तूप बंद, कुणाचं पोट बिघडलंय त्याची थंडाई बंद, दूध पातळ. आता माझा पुतण्या, तोही तालमीत जातो, पिशवीत काळा डबा घेऊन जातो. व्यायामाच्या आधी घ्यायची पावडर. मी त्याचंही लेबल वाचलं. 'एनर्जी मॅट्रिक्स, सहा ग्रॅम', आणि खाली सात नावं. सातांत कोण किती, ते नाही. त्यातलं एक कॅफीन. सहा ग्रॅमपैकी किती? पुतण्या म्हणाला, "काकी, ते त्यांचं सिक्रेट असतंय." म्हटलं, अरे, खाणारा तू, आणि सिक्रेट तुझ्यापासून? २०२४ मध्ये केरळमधल्या डॉक्टरांनी भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी तपासल्या तेव्हा जवळजवळ सत्तर टक्के डब्यांवरची प्रोटीनची माहिती चुकीची निघाली. काहींत तर छापल्याच्या निम्मंच प्रोटीन. हे त्याला सांगितलं, त्यानं खांदे उडवले. मग सांगितलं की डब्यात कुणी न लिहिता काही मिसळलं आणि उत्तेजक चाचणीत ते सापडलं, तर जबाबदार पैलवानच धरतात, डबेवाला नाही. तेव्हा जरा चेहरा बदलला. खासबागेच्या कुस्ती मैदानात उतरायचं स्वप्न आहे त्याचं.

आता घरात काय उरलंय ते सांगते. माझं थायरॉक्सिन. यांना बी बारा, एकटंच. मटण खाणाऱ्या माणसाला ते कमी कसं पडलं याचं मला नवल वाटलं होतं, पण मधुमेहाच्या मेटफॉर्मिननं ते कमी होतं म्हणे. आबांची डोळ्याची गोळी, जेवणानंतर. भाचीला दिवस गेलेत, तिला सरकारी आरोग्य केंद्राच्या आशाताईंनी दिलेली लाल गोळी: साठ मिलिग्रॅम लोह, पाचशे मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, बस. दोनच घटक, फुकट, आणि कशासाठी ते आशाताईंना नीट सांगता येतं. तिच्या सासूबाईंना ती गोळी फार साधी वाटते. त्यांनी गुलाबी डबा आणून ठेवलाय, बावीस घटकांचा. त्यात अ जीवनसत्त्व किती आहे ते भाचीनं डॉक्टरांना दाखवेपर्यंत उघडायचा नाही असं मी बजावलंय, कारण गरोदरपणात ते अती झालं तर बाळाला व्यंग येऊ शकतं.

निरोगी माणसानं रोजची मल्टिव्हिटॅमिनची गोळी घ्यावी का, हे मला अजून लोक विचारतात. जणू मी परीक्षा पास झालेय. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या १४,६४१ पुरुष डॉक्टरांवर दहा वर्षांहून जास्त काळ चाचणी झाली होती, २०१२ मध्ये निकाल आला. कर्करोग आठ टक्क्यांनी कमी, हृदयविकारात फरक नाही. आठ टक्के ऐकायला बरं वाटतं. आमच्या खतावणीत मांडलं तर असं होतं: हजार माणसांमागे वर्षाला १८.३ ऐवजी १७. शून्य नाही. पण मीटिंगच्या हॉलमध्ये टाळ्या वाजाव्यात एवढंही नाही. ज्याला परवडतं, ज्याला दुसरं औषध चालू नाही, त्यानं साधी, रोजच्या गरजेएवढीच मात्रा असलेली गोळी घेतली तर मी अडवणार नाही. मी स्वतः घेत नाही.

बहीण दिवाळीत आली. मी तिला सगळं सांगितलं, कॅलेंडर दाखवलं. ती वाईट बाई नाही. तिनं खरंच माझ्या केसांची काळजी केली होती, शिवाय तिचा महिन्याचा हप्ता त्यात अडकला होता. तिनं बोट फिरवत माझे रकाने वाचले आणि म्हणाली, नवा डबा आलाय, अठ्ठावीस घटकांचा, त्यात बायोटिन कमी आहे.

"यातलं लोह आणि कॅल्शियम काढून देशील?" मी विचारलं.

"अगं, असं कसं काढून देऊ? एकाच गोळीत असतंय की सगळं."

चिवडा खाल्ला, आबांच्या पाया पडली. जाताना ओट्यावर धुऊन पालथे घातलेले दोन रिकामे डबे तिला दिसले. झाकण फिरवून बघितलं तिनं. घट्ट बसत होतं. हिंगाला एक आणि मेथ्यांना एक, म्हणून दोन्ही पिशवीत टाकून घेऊन गेली.